एसटीएमच्या चित्रात दिसणारे ठिपके खरंच रेणू असतात का?

ग्राफाइटवर सेंद्रिय रेणूंचा थर बसवला, एसटीएमखाली (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे ‘टिप’ नावाची अतिशय टोकदार सुई पृष्ठभागावर फिरवून चित्र काढणारं यंत्र) सुबक रांगा दिसल्या, तर हे रेणूच आहेत असं छातीठोकपणे म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करते, म्हणून सरळ सांगते: एका चित्रावरून नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात कोऱ्या ग्राफाइटची चित्रं होती, आणि त्यांत डीएनएसारखे पीळ चक्क दिसत होते! तोवर डीएनए म्हणून छापलेल्या बऱ्याच चित्रांवर त्यामुळे शंका घेतली गेली.

घोळ होतो कारण हे यंत्र उंची मोजत नाही, टनेलिंगचा प्रवाह मोजतं, म्हणजे टिप आणि पृष्ठभागातली बारीक फट ओलांडून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह. टिप आणि पृष्ठभागातलं अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं तरी प्रवाह साधारण दहापट घटतो, म्हणून तर एकेक रेणू दिसतो. पण इलेक्ट्रॉनला जिथे वाट सोपी, तो भागही उजळतो. ८सीबी या द्रव स्फटिकाचा रेणू ग्राफाइटवर सपाट आडवा असतो, तरी त्याच्या बेंझिनच्या कड्या झळाळतात आणि कार्बनची लांब शेपटी अंधूक राहते. तेव्हा उजळ म्हणजे उंच, हे आधी डोक्यातून काढा.

पडताळणीची माझी आवडती युक्ती अगदी साधी आहे. रेणू दिसत असताना स्कॅन अर्ध्यावर आला की बायस व्होल्टेज, म्हणजे टिप आणि नमुन्यामधलं व्होल्टेज, एकदम कमी करायचं आणि प्रवाह वाढवायचा. टिप आणखी जवळ जाते, रेणू दिसेनासे होतात आणि खालचं ग्राफाइट उमटतं. एकाच चित्रात वर रेणू, खाली ग्राफाइट. ग्राफाइटच्या जाळीतल्या ठिपक्यांमधलं अंतर ०.२४६ नॅनोमीटर असतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, त्यामुळे रेणूंच्या रांगांचं अंतर आणि कोन तिच्याशी ताडून बघता येतात. उष्णतेमुळे नमुना सरकून चित्र तिरकं झालं असेल, तर तेही इथेच पकडलं जातं.

स्कॅनची दिशा फिरवूनही बघाच. खरी नक्षी त्याच हिशोबाने फिरते, विजेच्या लाइनचा गोंगाट फिरत नाही. प्रत्येक रेणूशेजारी एकाच बाजूला फिकी जोडछाया असेल, तर टिपला दोन टोकं आहेत. व्होल्टेजचा झटका देऊन बघा, नाही जमलं तर नवी टिप घ्या. त्यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही.

थर सोन्यावर थायॉलचा (गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणाऱ्या रेणूंचा) असेल, तर मात्र बायसची युक्ती विसरा. तिथे एका अणूएवढे खोल खड्डे दिसतील. नमुना बिघडला असं समजून तो फेकू नका. थायॉल बसताना असे खड्डे पडतातच. त्यांची खोली सुमारे ०.२४ नॅनोमीटर, म्हणजे उंचीचं कॅलिब्रेशन तपासायला आयतीच सोय.