ब्लीडर निपल फिरत नाही, तेव्हा

प्रश्न : हॅचबॅकचं ब्रेक ऑइल घरीच बदलायला घेतलं. तीन चाकांचे ब्लीडर निपल (हवा आणि जुनं ऑइल बाहेर सोडायचे स्क्रू) सुटले, पुढच्या डाव्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) मात्र जागचा हलत नाही. 10 नंबरचा फिक्स पाना लावला, तर निपलच्या कडा घासायला लागल्या. आता काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी तो फिक्स पाना परत पेटीत ठेवा. तो निपलच्या षटकोनाला दोनच बाजूंनी धरतो. आणखी दोन झटके दिलेत तर धरायला काही उरणार नाही. इथे सहा कोनांचा गोटी पाना लागतो. बारा कोनांचा रिंग पानाही नको.

निपल हा मधून पोकळ स्क्रू. त्याची रबरी टोपी हरवली की पावसाचं आणि वॉशिंगचं पाणी भोकात साचतं आणि आटे गंजतात. कॅलिपर बिडाचा असेल तर तांबडा गंज दिसतो, ॲल्युमिनियमचा असेल तर आट्यांत पांढरी पूड धरते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून निपल पाचर मारल्यासारखा बसतो.

तारेच्या ब्रशने निपलचा बुंधा घासा. डिस्क आणि पॅड फडक्याने झाकून गंज सोडवणारा स्प्रे फक्त बुंध्याशी मारा. भोकात मुळीच नको; स्प्रेमधलं खनिज तेल ब्रेक ऑइलमध्ये गेलं की आतली रबर सील फुगतात. रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा मारा. मग पितळी पंच निपलच्या डोक्यावर सरळ धरून छोट्या हातोडीने पंधरा-वीस हलके ठोके द्या. आट्यांतला गंज ठोक्यांनी तडकतो, नुसत्या जोराने नाही.

पाना लावण्याआधी भोकात बरोबर बसेल अशा ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घाला, म्हणजे पोकळ मान आत दबत नाही. आधी केसभर आवळा, मग सोडवा, असं मागेपुढे करा. निपल सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो न येता पाना रबरासारखा लचकत असेल, तर थांबा. तेव्हा निपल सुटत नसतो, त्याची मान पिळत असते.

तरीही नाही सुटला, तर निपलभोवतीचा कॅलिपर हीट गनने दोन-तीन मिनिटं तापवा. गॅसची ज्योत लावू नका. ब्रेक ऑइल पेट घेतं, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर तापल्यावर विषारी वायू होतो.

प्रश्न : मोटरसायकलच्या पुढच्या कॅलिपरचा निपल तुटून आत राहिला. ऑइल गळत नाही, ब्रेकही लागतो. तशीच चालवू का? की ड्रिल मारून काढू?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : गळत नाही, कारण ऑइल आटे अडवत नाहीत. निपलचं शंकूसारखं टोक आतल्या बैठकीवर दाबून बसतं, ते अडवतं. ती बैठक अजून शाबूत आहे, पण आता हवाही निघणार नाही आणि जुनं ऑइलही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान 155. कसारा घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळू लागतं, तिथे हाच फरक नडतो. दुरुस्ती लांबवू नका.

कॅलिपर गाडीवरून काढा, पिस्टन आणि सील बाहेर घ्या. मधलं भोक ड्रिलला वाट दाखवतंच. डाव्या आट्याचा (उलटा फिरवायचा) ड्रिल मिळाला तर उत्तम. पुष्कळदा तुकडा त्याच्याबरोबरच फिरून बाहेर येतो. एझी-आउट (तुटलेला स्क्रू बाहेर काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) वापरायचा तर हलक्या हाताने. तो कठीण पण ठिसूळ असतो. आत मोडला की साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही. आणि ड्रिल खालच्या बैठकीपर्यंत नेऊ नका. तिच्यावर ओरखडा आला की नवा निपल कितीही आवळा, पाझरणारच.

हे घरी जमण्यासारखं वाटत नसेल, तर सुटा कॅलिपर सातपूर किंवा अंबडच्या लेथवाल्याकडे न्या, पण आधी नव्या कॅलिपरची किंमत विचारा. मोटारीच्या मागच्या ड्रमच्या व्हील सिलिंडरसाठी तर हा खटाटोपच नको, सिलिंडरच बदला.

प्रश्न : नव्या निपलला टेफ्लॉन टेप गुंडाळावी का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नको. गळती टोकाने थांबते, टेपने नाही, आणि टेपचा तुकडा आत गेला तर बारीक वाट तुंबते. आधी हाताने आटे धरा, मग बेताने आवळा. मोटरसायकलला साधारण 6 न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. हवा काढून झाल्यावर बुंधा पुसून टिश्यू गुंडाळा आणि ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरा. टिश्यू ओला झाला नाही, तर टोपीत चिमूटभर सिलिकॉन ग्रीस भरून ती बसवा.