बोल्ट बंद झाला म्हणून काडतूस योग्य ठरत नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, बसलं, ती पोकळी मागून बंद करणारा बोल्टही बंद झाला, मग अडचण कसली? अरे, रायफली फुटतात त्या याच समजुतीपायी.

.२२३ आणि .३०० ब्लॅकआउट या दोन काडतुसांचंच घे. दुसऱ्याची केस, म्हणजे गोळी आणि दारू धरणारं पितळी नळकांडं, पहिल्याच्याच केसवरून बेतलेली. बूड सारखं, मॅगझिन तेच, बोल्टही तोच. गोळी मात्र एकाची ५.७ मिमी जाड, दुसऱ्याची ७.८. हे जाड गोळीचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये रेटलं, तर कधी कधी गोळी केसमध्ये मागे दबते आणि बोल्ट निमूट बंद होतो. घोडा दाबलास की गोळीला पुढे वाटच नाही. साध्या बाराचा दाबसुद्धा चौरस इंचाला ५५,००० पौंडांच्या घरात जातो. वाट तुंबल्यावर काय होईल ते तूच बघ. बोल्ट, त्याला धरणारा सांगाडा म्हणजे रिसीव्हर, मॅगझिन, जे कच्चं असेल ते फुटतं. आणि तुझा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो.

'बारीक काडतूस मोठ्या चेंबरमध्ये उडालं तर काही होत नाही,' असंही कोणी छातीठोकपणे सांगेल. त्याचं ऐकू नकोस. पितळी केस बार होताच फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, म्हणून गॅस मागे येत नाही. भिंत केसपासून दूर असली की केस चिरते आणि तापलेला गॅस बोल्टच्या फटींतून डोळ्यांकडे झेपावतो. चष्म्यावरून तुझी कुरकुर चालते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नावं तर फारच फसवी. ८×५७ आय आणि ८×५७ आयएस या काडतुसांत फरक एका अक्षराचा, पण गोळी पहिल्याची सुमारे ८.१ मिमी, दुसऱ्याची ८.२. एवढ्याशा फरकानेही दुसरं काडतूस पहिल्यासाठीच्या जुन्या, अरुंद नळीत उडवलं तर दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. ५.५६ नाटो हे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये उडवलं तरी दाब वाढतो, कारण तिथे गोळीपुढची मोकळी जागा कमी असते.

तेव्हा नळीवरचा शिक्का वाच, मग प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा. डब्यावर भिस्त नको. उरलीसुरली सुटी काडतुसं मिळेल त्या डब्यात कोंबायची खोड पुष्कळांना असते. दोन कॅलिबरच्या, म्हणजे वेगळ्या मापाच्या नळीच्या, रायफली एकाच टेबलावर मांडू नकोस. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं तर फुकट मिळाली तरी नकोत.

बार फुसका वाटला, धक्का नेहमीपेक्षा हलका बसला, तर तिथेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळेल. रायफल रिकामी कर, बोल्ट काढ, नळी आरपार दिसते का ते बघ. बारच झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांब. दारू उशिरा पेटू शकते.

तू म्हणतोस ती जुनी रायफल घ्यायचीच असेल, तर आधी जाणत्या कारागिराकडून चेंबरचं माप काढून घे. मध्येच कोणी चेंबर कोरून बदललेलं असतं आणि नळीवरचा शिक्का जुनाच राहतो. माप हातात आलं की मला कळव, मग काडतुसांचं बोलू.