चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी घेतलीस, तर एवढं ऐक

अभिनंदन रे! पण पहिल्याच रविवारी उपदेश ठोकायची घाई नको. आधी सतरंज्या अंथर, मंडळी गेल्यावर झाडून घे. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. पुढारीपण तिथून शिकायचं.

मिरजेत दवाखान्यात आपलं कोणी ना कोणी ॲडमिट असतंच. जाताना थर्मासमधून चहा ने. रात्रभर जागलेल्या नातेवाइकाला तासभर अंघोळीला घरी पाठव, तोवर पेशंटजवळ तू बस. प्रार्थना हळू आवाजात, दोन मिनिटांत आटप. शेजारच्या खाटेवरचाही आजारीच असतो. आणि कोणी विश्वासाने सांगितलेली घरची भानगड पुढच्या बैठकीत ‘प्रार्थनाविषय’ म्हणून जाहीर करू नकोस. आपल्याकडे चहाड्या याच वाटेने फिरतात!

दान एकट्याने मोजायचं नाही. दोघांनी, तिथल्या तिथे, वहीत दोन सह्या.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. भजनाला दारात घुटमळणाऱ्याला आत बसव, लगेच नाव-गाव विचारत सुटू नकोस.

पाळकसाहेबांशी पटलं नाही, तर त्यांच्या घरी जाऊन बोल. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.