७७१ स्कोअरचा भाडेकरू घ्यावा की स्कोअरच नसलेला?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे. त्यांच्या वन बीएचकेसाठी दोन कुटुंबं तयार आहेत, भाडं ९,००० रुपये. एक जण खासगी नोकरीत आहे, पगार ३४,०००, सिबिल स्कोअर (कर्जाच्या नोंदींवरून पत सांगणारा आकडा) ७७१. त्याने पूर्ण रिपोर्टच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दुसऱ्याचं शाळेचे गणवेश शिवण्याचं छोटं युनिट आहे. त्याने कधी कर्जच काढलं नाही, म्हणून स्कोअरच्या जागी उणे एक दिसतं. पण तो तीन महिन्यांचं डिपॉझिट द्यायला तयार आहे. मुलगी म्हणते, ७५० च्या खालचा नको. कुणाला द्यावं?

ताई, माझं मत दुसऱ्या कुटुंबाच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि त्यात फक्त कर्ज व कार्डाचे व्यवहार मोजले जातात. आपल्याकडे घरभाडं सहसा त्यात धरलंच जात नाही. म्हणजे हप्ता चुकला तर स्कोअर पडतो, भाडं थकलं तर त्याला धक्काही लागत नाही. महिनाअखेरीला पैसे कमी पडले, तर स्कोअर जपणारा माणूस आधी काय थांबवेल? तुमचं भाडं.

आता तुम्ही लिहिलेला पहिल्याचा तपशील बघा. हप्ते १६,५०० चे. पगारातून हप्ते आणि तुमचं भाडं गेलं की चौघांच्या घरखर्चाला ८,५०० उरतात. रिपोर्टमध्ये महिन्यामहिन्याच्या चौकटी आहेत, त्यात सगळीकडे ००० आहे, म्हणजे एकही हप्ता उशिरा गेलेला नाही. हे त्याच्या बाजूचं, आणि ते खरंच कौतुकाचं आहे. पण शेवटच्या पानावरच्या चौकशांच्या यादीत दोन महिन्यांत पाच वित्तसंस्थांची नावं आहेत. कर्जासाठी अर्ज केला की वित्तसंस्था रिपोर्ट तपासते, त्याची ही नोंद. म्हणजे माणूस आणखी कर्ज शोधतोय. मला ७७१ पेक्षा हे पान महत्त्वाचं वाटतं.

उणे एक म्हणजे वाईट स्कोअर नव्हे, नोंदच नाही एवढंच. तिथे पुरावा दुसरीकडून घ्यायचा: आधीच्या घराचं भाडं भरल्याचं वर्षभराचं बँक किंवा यूपीआय स्टेटमेंट, आणि जुन्या घरमालकाशी समक्ष बोलणं. फोनवर लोक गोड बोलतात, म्हणून घरी जा. गणवेशाचा धंदा हंगामी आहे, पैसा शाळा सुरू होण्याच्या आगेमागे येतो आणि नंतर हात आखडतो. त्यामुळे जून-जुलैत पुढच्या दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देता येईल का, हे आत्ताच मोकळेपणाने विचारून घ्या.

तुमचं खरं संरक्षण करारात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराला, मुद्रांक शुल्क साधारण २५० रुपये आणि नोंदणी १,००० रुपये. एवढे वाचवायला स्टॅम्पपेपरवर नुसती नोटरी करू नका, कृपया. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते, तीही लेखी कराराच्या बळावर. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

मुलीला सांगा, पहिल्याला नको म्हटल्यावरही ७५० चा आग्रह धरून घर दोन महिने रिकामं राहिलं तर १८,००० गेले, शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स खिशातून. दुसऱ्या कुटुंबाचे २७,००० मात्र पहिल्या दिवशी तुमच्या खात्यात असतील. ते मोडू नका, बँकेत वेगळे ठेवा. परत द्यायचे आहेत.

तो रिपोर्ट आजच फोनमधून काढून टाका. त्यात पॅन, जन्मतारीख, पत्ते, सगळं असतं. बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून कुणाचा सिबिल काढून घ्यायचा विचारही नको. घरमालकाला तो अधिकारच कायद्याने दिलेला नाही. बघायचाच असेल तर भाडेकरूने स्वतःच्या फोनवर उघडून दाखवावा. त्याला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

जुना घरमालक म्हणाला की भाडं वारंवार मागावं लागायचं, तर करार थांबवा आणि मला परत लिहा.