चेक देशात ख्रिस्ती युवा शिबिरात सेवेला जातोय, मुलं देव न मानणारी आहेत. त्यांच्यापर्यंत सुवार्ता कशी पोचवू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या युवक संघातून तुमची जुलैच्या इंग्लिश कॅम्पसाठी निवड झाली आहे, मुलं चौदा ते सतराची आहेत आणि आठवडाभरात त्यांच्यावर परिणाम कसा होईल याची तुम्हाला काळजी आहे. मीही इंदूरचीच, मराठी ख्रिस्ती घरातली, आणि अशाच कॅम्पमध्ये सेवा करून आले आहे. स्पष्ट सांगते, परिणामाच्या मागे लागू नका. इंग्रजी शिकवा, भांडी घासा, त्यांच्याबरोबर डोंगर चढा. विचारलं तर खरं सांगा.

ती मुलं देवावर रागावलेली नाहीत. घरात तो विषयच निघालेला नसतो. 2021 च्या जनगणनेत तिथल्या जवळपास 48 टक्के लोकांनी कोणताच धर्म नाही असं लिहिलं, आणि सुमारे 30 टक्क्यांनी तो रकाना कोराच ठेवला. 1948 ते 1989 कम्युनिस्ट राजवट होती. पाळकाला उपदेश करायलाही सरकारी परवाना लागायचा, चर्चला जाणाऱ्यांच्या मुलांचे कॉलेजचे प्रवेश अडायचे. आजी-आजोबा गप्प राहायला शिकले, मग पुढच्यांना सांगणार कोण?

माझ्या गटात सोळा वर्षांची एक मुलगी होती. 6 जुलैला तिथे सुट्टी असते, जान हुस या चेक धर्मसुधारकाची. 1415 साली त्याला कॉन्स्टन्समध्ये चर्चच्या परिषदेने पाखंडी ठरवलं आणि मग त्याला जिवंत जाळण्यात आलं. चर्चला न जाणाऱ्या पोरांनाही त्याचा अभिमान. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "त्याला जाळणारेही बायबल वाचणारेच होते." मी म्हटलं, "हो, होते." मी लगेच सारवासारव करीन असं तिला वाटलं असावं. मग तिने विचारलं, भारतीय असून तू ख्रिस्ती कशी, इंग्रजांनी केलं का? मी आमच्या घराची गोष्ट सांगितली. नगरकडे अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकलेले पणजोबा, इंदुरात मास्तर म्हणून आलेले आजोबा. हे होळकरांचं संस्थान होतं आणि इथे 1877 मध्ये मिशन काढलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी. आमच्या उपासनेत पेटी आणि टाळ असतात हे ऐकून तिने मला तिथेच भजन म्हणायला लावलं.

आणि मग एकदम, "शनिवारपर्यंत मी काहीच मानलं नाही, तरी तू माझ्याशी अशीच बोलशील?"

मी हो म्हटलं. तिने ते तपासून पाहिलं. संध्याकाळच्या सभेला न जाता बाहेर पायऱ्यांवर बसली. मी शेजारी जाऊन बसले आणि देवाचं नाव काढलं नाही. तिने मला जंगलातल्या अळंब्यांबद्दल सांगितलं, कुठली खायची, कुठली विषारी. टोपली घेऊन अळंब्या वेचायला जाणं हे त्या लोकांचं वेड आहे. शेवटच्या रात्री पाहुण्या वक्त्याने सगळ्यांना डोळे मिटायला आणि येशूला स्वीकारणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. तिने डोळे मिटले नाहीत, ती माझ्याकडेच बघत होती. सकाळी मी रोजच्यासारखी ताट घेऊन तिच्याच बाकावर बसले. ती अजून पत्र लिहिते. ती देव मानत नाही. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि हे तिला माहीत आहे.

परत आल्यावर रविवारी मला साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं, आणि आमच्या मंडळीतल्या एका वडीलजनांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हात किती जणांनी वर केले?" मी मोजले नव्हते. ते म्हणाले, मंडळीने तिकिटाचे पैसे दिले, फळ दिसायला हवं. इथे आपल्याला तोंड दाबून राहावं लागतं, तिथे तर मोकळीक होती!

तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे लिहिते. मध्य प्रदेशात सक्तीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराविरुद्धचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये नवा आणि जास्त कडक आला. आपण कुणाच्या आजारपणात डबा नेला तरी 'यामागे हेतू काय' असं विचारणारा कुणीतरी निघतोच. तो संशय किती बोचतो हे आपल्याला माहीत आहे. मग ज्या मुलांना आईबापांनी इंग्रजी सुधारायला पाठवलं, त्यांना तोच संशय घ्यायला आपण जागा का द्यावी? तिकिटाचा हिशेब पै-पैचा द्या. पोरांच्या मनाचा हिशेब मागायचा मंडळीला हक्क नाही.

आता तयारी. शेंगेन व्हिसा, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, अर्जात येण्याचं कारण जसं आहे तसंच लिहा. आयोजक पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागू शकतात, पासपोर्ट कार्यालयात त्याचा अर्ज आधीच करून ठेवा. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कधीच बसू नका. घरात घालायच्या चपला न्या, तिथे बाहेरचे बूट दारातच काढतात. आणि जिरावण, आपला पोह्यांवरचा मसाला, न्या, उकडलेल्या बटाट्यांवर पोरं तुटून पडतात.

हेही सांगायला हवं, की काही मुलं खरंच खोलवर विचारतात. तेव्हा लाजू नका, येशू तुमचा कोण हे पूर्ण सांगा. सगळेच कॅम्प हात मोजणारे नसतात, तुमचा कदाचित चांगला असेल. म्हणून जाण्याआधी आयोजकांना लेखी विचारा: हे चर्चचं शिबिर आहे, रोज संध्याकाळी वचन असतं, हे पालकांना माहीत आहे का? शेवटच्या रात्री हात वर करायला लावणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर माझ्या मते जाऊ नका. पैसे मंडळीला परत करा आणि का परत करताय ते रविवारी उभं राहून सांगा.