बॉयलरवर लोड (स्टीमची मागणी) वाढला की ड्रमची, म्हणजे वरच्या पाणी-वाफेच्या टाकीची, लेव्हल आधी वर जाते आणि मग धपकन पडते, असं का? थ्री एलिमेंट कंट्रोल घ्यावा का?

तुमची लेव्हल वर जात नाही भाऊ, फुगते. या फरकापायी मी एक मेमो खाल्लाय, म्हणून उत्तर लांबणार.

बुटीबोरी एमआयडीसीतली एक कंपनी, नाव घेत नाही. कोळशावरचा १० टनी वॉटर ट्यूब बॉयलर, दाब साडेदहा किलो. लेव्हल सिंगल एलिमेंटवर, म्हणजे कंट्रोलर फक्त लेव्हल बघून फीडचा (आत येणाऱ्या पाण्याचा) व्हॉल्व्ह हलवतो. लोड दिवसभर सरळ असला तर त्यानेही भागतं. पण आमच्या प्रोसेसवाल्यांना दोन मोठी व्हेसल्स (स्टीमवर तापणारी भांडी) एकदम स्टीमवर घ्यायची खोड. आधी एक फोन करा, हे सांगून माझं तोंड दुखलं.

मे महिना, बी शिफ्ट. व्हेसल्स उघडली आणि दाब साडेआठवर आला. लेव्हल ५० टक्क्यांवरून ७५ वर. कंट्रोलर इमानदार, त्याने लगेच फीडचा व्हॉल्व्ह मिटायला घेतला. मी लूप (ऑटोमॅटिक कंट्रोल) मॅन्युअलवर टाकला आणि व्हॉल्व्ह परत उघडला. समोर मीटर दिसत होते ना: स्टीम भरमसाट जातेय आणि पाणी येतंय निम्मं.

तेवढ्यात शिफ्टचे साहेब आले. "पाणी वर चढून राहिलं अन् तुम्ही आणखी भरून राहिले? काहून? लाइनीत पाणी जाईल!" भीती खोटी नव्हती. ड्रममधलं पाणी स्टीमसोबत लाइनीत गेलं तर असा हॅमर (पाण्याचा दणका) बसतो की फ्लँज सुटतात. पण आमच्या ड्रममधून ७५ ला पाणी जात नसे, हे मला नऊ वर्षांत कळलं होतं. साहेबांना येऊन तीन महिने झाले होते. त्यांनी व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद केला.

गोटी सोडा फोडताना पाहिलाय ना? गोटी दाबली की फेस तोंडापर्यंत येतो, सोडा काही वाढलेला नसतो. ड्रमचंही तसंच. दाब पडला की ट्यूबमधल्या पाण्यातले बुडबुडे फुगतात, नवे तयार होतात आणि पाण्याला वर ड्रममध्ये ढकलतात. आतलं एकूण पाणी मात्र घटतच असतं. मग आग जोर धरते, दाब परत चढतो, बुडबुडे आवळतात आणि लेव्हल दाखवणाऱ्या काचेतलं पाणी बघता बघता खाली. तेव्हा घाबरून एकदम गार फीड सोडलं तर आणखी आवळतात.

आमच्याकडे चार मिनिटांत लो-लोवर, म्हणजे पाण्याच्या सगळ्यात खालच्या हद्दीवर, बॉयलर ट्रिप. पंखे बंद, दोन्ही काचा रिकाम्या. मी काच ब्लो करून (धुऊन काढून) पाहिली, पाणी परत चढलं नाही. साहेब म्हणाले, पंप मारा. मी म्हटलं, नाही मारत, आणि पॅनलसमोर उभा राहिलो. ट्रिप झाला म्हणून कोळशाची आग विझत नाही, जाळीवर निखारे असतातच. कोरड्या तापलेल्या ट्यूबवर पाणी सोडायचं नसतं, हे बॉयलर अटेंडंटच्या सेकंड क्लासच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं. त्यांच्या डिग्रीत विचारत नसावेत. आग ओढून काढली, बॉयलर निवू दिला, शिफ्ट गेली. मेमोत कारण काय लिहिलं? 'अटेंडंटने लूप मॅन्युअलवर टाकल्यामुळे.'

आता तुमचं. थ्री एलिमेंट, म्हणजे स्टीम, फीड आणि लेव्हल तिन्ही बघणारा कंट्रोल घ्या, यात दुमतच नाही. जितकी स्टीम गेली तितकं फीड लगेच मागे जातं, लेव्हलला फक्त बारीक दुरुस्ती उरते. फुगवट्याने तो फसत नाही असं नाही, पण व्हॉल्व्ह मिटून बसत नाही. ट्यूनिंगचे आकडे मात्र मला मागू नका, दुसऱ्याच्या बॉयलरचे आकडे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. त्याआधी लेव्हल ट्रान्समीटरची रेफरन्स लेग (तुलनेसाठी पाण्याने भरून ठेवलेली नळी) पूर्ण भरलीय का बघा. ती अर्धी रिकामी असली की लेव्हल खोटीच वर दाखवते, मग कंट्रोलर कितीही महागाचा आणा.

एक राहिलं. कमी लोडवर थ्री एलिमेंटवर भरवसा ठेवू नका. ऑरिफिसवाल्या (भोकाच्या चकतीवर फ्लो मोजणाऱ्या) मीटरला २५ टक्के फ्लोवर जेमतेम ६ टक्के डिफरन्शियल (दाबातला फरक) मिळतं, त्यावर काय कंट्रोल करणार? बॉयलर लावताना सिंगलवरच ठेवा, लोड आल्यावर बदला. आणि मी मॅन्युअलवर टाकलं म्हणून तुम्हीही टाका, असं माझं म्हणणं नाही. ते दोन मीटर समोर नसते तर मीही व्हॉल्व्ह मिटलाच असता.

दाब, स्टीम, फीड, लेव्हल चारही एकाच ट्रेंडवर लावा. दाबाची रेघ आधी पडलेली आणि लेव्हल मागून चढलेली दिसली, तर प्रिंट काढून प्रोसेसवाल्यांच्या केबिनमध्ये चिकटवा. त्या दिवसाचा रेकॉर्डरचा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. साहेब आता कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर आहेत. हे वाचत असाल तर साहेब, निळा पेन दाबाचा होता.