आधी खोलीचं तापमान मोज

नागपूर, मे महिन्याची अखेर

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेल वाचला. त्यात दोन प्रश्न आहेत आणि एक आलेख: अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वर हवेत जन्मून खाली बरसणारे म्यूऑन नावाचे कण तुझ्या यंत्राने दिवसभरात केव्हा किती मोजले, त्याचा. पहिला प्रश्न तुझ्या मामांचा: "चाळीस वर्षं शोधून जे सापडलं नाही, त्याच्या मागे काहून लागून राहिली बावा तू?" दुसरा तुझा: पीएचडीला न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाच न अडणारे हलके कण) घेऊ की डार्क मॅटर (मामांचं 'न सापडलेलं' ते हेच: दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं असं द्रव्य)? आलेखाखाली मात्र तू एकच ओळ लिहिलीस. "दुपारी म्यूऑन कमी येतात, सूर्याचा परिणाम असेल का?" मला विचारशील तर सगळ्या मेलमध्ये कामाची तेवढीच ओळ आहे. म्हणून आधी ती घेते, मामा नंतर.

तुझी मांडणी छान आहे. सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की लखलखणाऱ्या पदार्थाच्या, दोन पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीला तो लखलखाट विजेच्या स्पंदात बदलणारा एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, आणि दोन्हींत एकदम स्पंद आला तरच मोजायचं. तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एखाददुसरा म्यूऑन जातोच, त्यामुळे चार दिवसांत आकडे भरपूर जमलेत. मोजणी बारानंतर घसरते, चारच्या सुमारास तळ गाठते, रात्री पुन्हा वर येते. घसरण पाच टक्क्यांच्या पुढे आहे.

आता बघ. आपल्याकडे हवेचा दाब रोज ठरल्या वेळी चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी. दाब कमी म्हणजे डोक्यावरची हवा कमी, म्हणजे चार वाजता म्यूऑन किंचित जास्त यायला हवेत. किंचित म्हणजे एका टक्क्याच्याही आत. तुझ्याकडे वाढ नाहीच, घट आहे, आणि तीही कितीतरी पट मोठी. चिन्ह उलटं, आकार भलताच. अशा वेळी आकाशाकडे नंतर बघायचं, आधी खोलीकडे.

खोली वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. बाहेर पंचेचाळीस. तू कूलर सकाळी भरतेस आणि दुपारपर्यंत पाणी संपतं, हे तूच लिहिलंयस (तक्रार म्हणून लिहिलंयस, पण तो पुरावा आहे). सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर गेल्यावरच तो असे स्पंद देतो) तापमानाबरोबर चढतो, दर अंशाला काही दशक मिलिव्होल्टने. तू बायस, म्हणजे त्याला दिलेला व्होल्टेज, स्थिर ठेवलास. मग खोली आठ-दहा अंशांनी तापली की ब्रेकडाउनच्या वरचा उरलेला व्होल्टेज घटतो, गेन (स्पंद मोठा करण्याचं प्रमाण) पडतो, स्पंद बुटके होतात, आणि कंपॅरेटरचा उंबरठा (ज्याहून उंच स्पंदच मोजला जातो) मात्र जिथल्या तिथे. काठावरचे स्पंद गळतात. म्यूऑन येतच आहेत, तुझं यंत्र त्यांना मोजत नाहीये.

हे मी म्हणते म्हणून मान्य करू नकोस. बर्डीच्या बाजारातून एक तापमानाचा सेन्सर आण, डिटेक्टरला चिकटव आणि मोजणीसोबत त्याचीही नोंद ठेव. पण शेजारी दोन रेषा एकत्र वरखाली झाल्या म्हणजे सिद्ध झालं असं नाही. दुपारी सूर्यही असतो आणि उकाडाही. दोघांना वेगळं करायला हवं. डिटेक्टर थर्माकोलच्या डब्यात ठेव आणि रात्री दोन वाजता आतून तापव. बल्बने नको, उजेड गळला तर नवीनच भूत मागे लागेल. एखादा जाड रेझिस्टर तापव. मध्यरात्री तशीच घसरण आली, तर सूर्य निर्दोष सुटला. मग दुपारी डबा थंड ठेवून घसरण जाते का तेही बघ.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण या क्षेत्रातलं एक जुनं भांडण नेमकं याच प्रकारचं आहे. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, सुमारे १,४०० मीटर खडकाच्या आड, डार्क मॅटर शोधणारा डामा नावाचा प्रयोग सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत होणारे बारीक लखलखाट मोजत आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचं म्हणणं असं, की ही मोजणी दरवर्षी जूनच्या सुरुवातीला वर जाते आणि डिसेंबरात खाली येते. कारणही देखणं आहे. सूर्य आकाशगंगेतून सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने जातोय आणि पृथ्वी त्याच्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने. जूनमध्ये दोन्ही वेगांची दिशा बरीचशी जुळते, म्हणून डार्क मॅटरचा वारा तोंडावर जास्त लागतो. लय योगायोगाची नाही, हे त्यांच्या आकड्यांतून निःसंशय दिसतं. वाद आहे तो लय कशाची यावर.

उन्हाळ्यात वाढणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. जमिनीखाली पोचणारे म्यूऑनसुद्धा उन्हाळ्यात वाढतात, कारण वरची हवा तापून विरळ होते आणि पायॉनला (ज्याच्यापासून म्यूऑन जन्मतो त्या कणाला) कशावर आदळण्याआधी म्यूऑनमध्ये विघटित व्हायला सवड मिळते. ग्रान सासोतच ही वाढ मोजलेली आहे. तिचं शिखर डामाच्या शिखराशी नीट जुळत नाही, म्हणून तेवढ्यावर प्रश्न मिटला नाही. मग इतरांनी काय केलं? त्याच पदार्थाचे स्फटिक घेतले. स्पेनमध्ये अनाइस आणि दक्षिण कोरियात कोसाइन, दोघांनीही सोडियम आयोडाइड वापरून वर्षानुवर्षं मोजलं आणि दोघांनाही ती लय मिळाली नाही. मला सगळ्यात आवडते ती ऑस्ट्रेलियातली कल्पना. व्हिक्टोरिया राज्यात स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत, एक किलोमीटर खाली, सेबर नावाचा प्रयोग उभा राहतोय. तिथे जूनमध्ये हिवाळा असतो. आकाशगंगेतला वारा दोन्ही गोलार्धांत जूनमध्येच वाढेल. ऋतूचा खेळ असेल तर लय उलटी होईल. तुझा मध्यरात्रीचा रेझिस्टर आणि ही खाण यांच्यामागे विचार एकच आहे, खर्च तेवढा वेगळा.

आता मामा. त्यांना सांग, "सापडलं नाही" हे दोन प्रकारे म्हणता येतं. किल्ली सापडली नाही म्हणतो तसं, आणि आकड्यानिशी. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये दीड किलोमीटर खोल एलझेड प्रयोगात दहा टन द्रवरूप झेनॉन आहे. २८० दिवसांच्या नोंदी तपासून त्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की डार्क मॅटरचा कण दिसला नाही. म्हणजे तो झेनॉनवर आदळत असलाच, तर अमुक एका प्रमाणाहून कमी आदळतो. तोवरच्या सगळ्या मर्यादांपेक्षा ही मर्यादा कडक होती. त्यातही गंमत अशी, की विश्लेषण करणाऱ्यांचा कल आधीच एकीकडे झुकू नये म्हणून त्यांच्या नोंदींत मुद्दाम खोट्या घटना मिसळल्या होत्या. खऱ्या कोणत्या आणि घुसडलेल्या कोणत्या, हे शेवटी उघड केलं. स्वतःलाच फसवायची अशी शिस्तशीर व्यवस्था दुसऱ्या कोणत्या धंद्यात असेल, मला शंका आहे. आणि २०२० मध्ये झेनॉन-वन-टी प्रयोगात थोड्या जास्तीच्या घटना दिसल्या होत्या, तेव्हा वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला. दोन वर्षांनी त्याच लोकांनी अधिक स्वच्छ यंत्र बांधून सांगितलं की ते जास्तीचं काही उरलेलं नाही. गाजावाजा मात्र दुसऱ्यांदा झाला नाही.

मामा बँकेच्या परीक्षेचा आग्रह धरतात, त्यावर तू सी. व्ही. रामन यांचं उदाहरण दिलंस, की तेही नागपुरात सरकारी हिशेब खात्यात होते आणि भौतिकशास्त्रही करत होते. उदाहरण खरं आहे, पण मामांना देऊ नकोस. ते लगेच म्हणतील, मग आधी नोकरी धर. आणि रामन यांना दहा टन झेनॉन लागत नव्हतं.

न्यूट्रिनो की डार्क मॅटर, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा राहिलेला नाही. डार्क मॅटरसाठी बांधलेली यंत्रं इतकी संवेदनशील झाली आहेत, की २०२४ मध्ये चीनमधल्या पँडा-एक्स आणि इटलीतल्या झेनॉन-एन-टी या दोघांनाही त्यांत सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली. पुढे डार्क मॅटर शोधणाऱ्याला न्यूट्रिनो समजून घ्यावेच लागतील, कारण तोच त्याचा गोंगाट. तरी एक बाजू घ्यायची तर माझा कल न्यूट्रिनोकडे आहे. तिथले प्रश्न नेमके आहेत. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, हे ठरवायला चीनमध्ये जुनो प्रयोगाने २० हजार टन द्रव सिंटिलेटरसह २०२५ च्या ऑगस्टमध्ये नोंदी घ्यायला सुरुवात केली. जर्मनीत कात्रीन प्रयोगाने ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) विघटनातून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली. पीएचडीच्या अखेरीस तुझ्या हातात काहीतरी मोजलेलं असेल, एवढी खात्री तिथे जास्त.

आपल्याकडचं चित्रही नीट समजून घे. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपान आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसोबत वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. जगात अशी नोंद तेव्हा दोनच ठिकाणी झाली, दुसरी दक्षिण आफ्रिकेत. त्यानंतरची मोठी न्यूट्रिनो वेधशाळा तमिळनाडूत थेनीजवळ व्हायची होती. २०१५ मध्ये केंद्राची मंजुरीही मिळाली, पण स्थानिक विरोध आणि परवानग्यांत ती अडकली. तिच्या भरवशावर आयुष्याचा आराखडा आखू नकोस. पण मदुराईला त्याच रचनेचं ८५ टनांचं छोटं लोहयंत्र चालू झालं, आणि झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोल साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा आहे. हात काळे करायला या जागा उत्तम.

गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचार. पहिल्या वर्षी मी स्वतः काय बांधेन किंवा दुरुस्त करेन? आणि तुमचे आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत? दुसऱ्या प्रश्नावर जो गाइड चिडतो, तिथे जाऊ नकोस. शक्य झालं तर तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला गाठ. तो गाइडपेक्षा जास्त सांगेल. शेकडो जणांच्या प्रयोगात तुझं नाव लेखावर शेकड्यात एक असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण आतला कोणता तुकडा माझा, हे तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सी प्लस प्लस ही भाषा आणि रूट हे नोंदींचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर आत्तापासून शिकायला लाग. सोल्डरिंग तर येतंच तुला, फोटोत दिसलं; सांधे जरा कमी टिनाचे कर.

शिफारसपत्र लागेल तेव्हा दोन आठवडे आधी सांग, अर्जाच्या आदल्या रात्री नको. आईला नमस्कार.

तुझी,
मॅडम